बेडकीची डावी कमान

गफूर मिस्तरींवर मी जितका राग केला तितका माझ्या सासूवरही केला नाही. आणि सासू काही सोपी बाई नव्हती, ते इंझोरीत आजही कोणाला विचारा. पण सासूवरच्या रागाला तोंड होतं. भांडण झालं, दोन दिवस अबोला झाला, की राग निघून जायचा. मिस्तरींशी भांडताच यायचं नाही. माणूस आवाज चढवायचा नाही, उलट बोलायचा नाही, आणि स्वतःचं सोडायचाही नाही. अशा माणसाचं करावं काय?

सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. तेव्हा वाशिम जिल्हा व्हायचा होता, आम्ही सगळे अकोला जिल्ह्यातले. आमचे हे कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर लागले आणि आम्ही इंझोरीहून कारंज्याला आलो. मंगरूळपीरच्या रस्त्याला एक खोली भाड्यानं मिळाली. तीन भिंती आमच्या आणि चौथी गफूर मिस्तरींच्या कमानीच्या दुकानाची.

कमान म्हणजे दारावरची नव्हे. दमणीच्या, म्हणजे माणसं नेणाऱ्या हलक्या बैलगाडीच्या, जीपच्या, ट्रकच्या चाकाजवळ लोखंडी पट्ट्यांची चवड असते पहा, धनुष्यासारखी वाकवलेली, धक्का पिऊन टाकणारी. ती कमान, आणि त्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. मिस्तरी हेच काम करायचे. मोडलेला पाटा काढायचा, नवा घडवायचा, तापवून वाकवायचा, तेलात विझवायचा. मी त्यांना चाचा म्हणायची. ते मला बाई म्हणायचे आणि ह्यांना काटेवाले. ह्यांचं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, मला आजही शंका आहे.

पहिल्याच आठवड्यात माझं आणि चाचांचं वाजलं. म्हणजे माझं वाजलं, ते ऐकत होते. झालं असं, की त्यांनी ऐरणीवर घण घातला की माझ्या फळीवरची भांडी थरथरायची. दिवसभर ते तसं. डोकं उठायचं. मी पदर खोचून गेले आणि सांगितलं, की माझ्या घरात मला माझं बोलणं ऐकू येत नाही. मला वाटलं, आता म्हणतील, दुकान आधीपासूनचं आहे, खोली कोणी घ्यायला सांगितली होती. ते म्हणाले, "कोणतं भांडं हालते, बाई?"

आता हे काय विचारणं झालं? मी म्हटलं, सगळीच. ते म्हणाले, सगळी नाही हालत, एखादं हालते आणि बाकीच्यांले हालवते. आणि उठून माझ्या घरात आले, दाराशी चपला काढून. त्यांची बायको, चाची, दुकानातून घण मारते आहे, हे फळीला कान लावून उभे. शेवटी पितळी गंजाचं झाकण सापडलं. मी म्हटलं, काढून ठेवते झाकण, मिटलं. तर नाही. झाकणाचा काय गुन्हा, म्हणे. त्या दिवशी त्यांनी ऐरण वीतभर सरकवली, घण मारला, मला विचारलं, हालते का. परत वीतभर. परत विचारलं. बाहेर दोन गाड्यांचे मालक तंबाखू मळत बसलेले, तिसरा शिव्या देत निघून गेला. माझी भाकर करपली. दुपार कलली तेव्हा ऐरण अशा जागी बसली की झाकण गप्प झालं. पण ती आली दाराच्या ऐन तोंडाशी, आणि पुढची सगळी वर्षं जो येईल तो तिला ठेचकाळायचा. चाची तर दिवसातून दोनदा. दर वेळी ती माझ्या भिंतीकडे पाहून काहीतरी पुटपुटायची, आणि ते माझ्या कौतुकाचं नसायचं.

चाची, म्हणजे हमीदाचाची, बोलायला चाचांच्या उलट. चाचांचे जे शब्द वाचायचे ते सगळे ती खर्च करायची. मूल नव्हतं त्यांना. भाता तीच ओढायची. रंग पाहायच्या वेळी चाचा दारावर गोणपाट टाकून भर दिवसा अंधार करायचे, कारण तापलेल्या लोखंडाचा खरा लाल उजेडात दिसत नाही. त्या अंधारातून चाचीचा आवाज तेवढा यायचा, "अजून किती? अजून किती?" आणि चाचांचा आवाज यायचाच नाही. मग गोणपाट बाजूला व्हायचं आणि ते माझ्या दारात उभे. तुराटीची काडी दे बाई.

तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काटकं, मी चुलीसाठी आणलेली, पाय मोडून वाहिलेली. पण ते मागायचेच. विझवलेला पाटा पुन्हा थोडा तापवून ते त्यावर कोरडी काडी ओढायचे. काडी नुसती काळी पडली तर पाटा कडक राहिला, तडकेल. भस्सकन जळली तर मऊ झाला, बसेल. बारीक ठिणग्या चमकल्या की बरोबर. बाभळीच्या काड्या ढीगभर पडलेल्या असायच्या त्यांच्या अंगणात, पण नाही. तुराटी खोटं सांगत नाही, म्हणे. माझा अर्धा भारा त्यांच्या खरेपणात जळाला.

आणि त्यांचा दुसरा हेका म्हणजे जोड. एक कमान मोडली तरी काम दोन्ही कमानींचं. आमच्याच इंझोरीचा एक माणूस दमणीची एक मोडकी कमान खांद्यावर घेऊन आला होता. चाचांनी हातही लावला नाही. दुसरी घेऊन ये, म्हणाले. तो म्हणाला, दुसरी चांगली आहे. चाचा म्हणाले, "बैल मेला तं बाजारातून कोणताबी बैल आणते का कोणी? जो घरी उभा हाय त्याच्या जोडीचा पाहतेत ना." तो माणूस तसाच परत गेला, रागारागात, आणि दुसऱ्या दिवशी दुसरी कमान घेऊन आला. मी ह्यांना म्हटलं, हा माणूस गिऱ्हाईक धरतो की हाकलतो? पण दमण्या, खाचरं, पंचक्रोशीतल्या जीपा, सगळ्या त्यांच्याचकडे यायच्या. गेलेलं काम परत आलं असं कधी झालं नव्हतं. हे ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. चाची म्हणायची, रोज.

तर पुढे एका वर्षी दिवाळीनंतर रस्ता मोजायला माणसं आली. रस्ता रुंद होणार, आमच्या बाजूची दुकानं मागे घ्यायची. आमची खोली वाचत होती, कारण ती मागे होती. चाचांच्या दुकानाला मागे सरकायला जागाच नव्हती. होळीपर्यंत मुदत. चाचीचा भाऊ मंगरूळपीरला, दर्ग्याजवळ त्याचं घर. तो म्हणाला, इकडे या, अंगणात भट्टी टाका. चाचीनं ते ऐकलं आणि दोन दिवस तिचं बोलणं बंद झालं. तिची भावजय कशी होती ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण चाचीचं बोलणं बंद करणारी बाई साधी नसणार.

ह्याच दिवसांत बेडकी आली.

ह्यांच्या जिनिंगचे जे छोटे शेठ होते, थोरल्यांचे चिरंजीव, त्यांना मोटारींचा नाद. मुंबईच्या कोण्या हौशी माणसाकडून त्यांनी एक जुनी विलायती गाडी आणली होती. शर्यतीची. दोन माणसांची, वर टप नाही, जमिनीपासून एवढी बुटकी की दारातल्या कोंबड्या तिच्याखालून जाताना मान वाकवत असतील. रंग काचेच्या बाटलीसारखा हिरवा. गावानं तिचं नाव दुसऱ्याच दिवशी बेडकी ठेवलं. शेठची सोयरीक अमरावतीला ठरली होती आणि फाल्गुनात ह्याच गाडीतून सासुरवाडीला जायचा त्यांचा बेत होता. पण त्याआधी मंगरूळपीरच्या रस्त्यावरचा रपटा आडवा आला. रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका फरशीचा रस्ता, पावसाळ्यात पाणी वरूनच जातं. शेठना तो दिसला नाही की दिसूनही त्यांनी वेग सोडला नाही, देव जाणे. गाडी उडाली आणि मागून आपटली. मागची डावी कमान मोडली, मोठा पाटा दोन तुकडे. चाक मागे सरकलं, कमानीला लटकवणारं कडं वाकलं, धक्का जिरवणारा जंपर तेल ओकू लागला. बैलजोडीनं ओढत आणली बेडकीला. पोरंसोरं मागे, म्हातारे ओट्यावर उभे. शेठ बैलांच्या पुढे चालत होते, जणू गाडी त्यांची नाहीच.

शेठ वाईट नव्हते हो. वय कमी, अंग भारी आणि घाई फार. त्यांनी काट्यापाशी सगळ्यांसमोर सांगितलं, की मिस्तरींनी होळीच्या आत गाडी नीट करून दिली तर जिनिंगच्या मागचं टिनाचं शेड मिस्तरींचं. तिथे भट्टी टाका, जिनिंगच्या गाड्यांचं कामही तुमचंच. हे पळत घरी आले सांगायला. चाचीनं त्या दिवशी आमच्याकडे वाटीभर साखर पाठवली. गावातल्या गावात राहायचं, भावजयीच्या दारी जायचं नाही, एवढंच तिला पाहिजे होतं, आणि ते आता ह्या हिरव्या बेडकीच्या बुडाखाली अडकलं होतं.

चाचा गाडीखाली गेले आणि जोडीच्या नियमानं दोन्ही कमानी काढल्या. मोडकी डावी आणि धड उजवी. जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या. मोडकीचे तुकडे जुळवून पाहिलं तर ती उजवीपेक्षा अर्धं बोट बसकी. चाचा म्हणाले, ही आधीपासूनच बिमार होती, बसत आली होती, म्हणून मोडली. मला तर ते पटलं. कोणालाही पटलं असतं. त्यांनी जीपच्या जुन्या पाट्यातून नवा मोठा पाटा घडवला, बाकीचे तापवून पुन्हा वाकवले, आणि डावी कमान उजवीच्या बरोबर उंचीला आणली. माझी तुराटी जळली ती जळलीच. कमानीच्या टोकाच्या गोल डोळ्यात रबराची गुंडी बसते, बुश म्हणतात, ती कुठे मिळेना. ट्रकच्या टायरमधून कापून कापून सात केल्या, सातवी पसंत पडली. जंपरला कातड्याचं वायसर बसवलं. पंधरा दिवस गेले. मग त्यांनी मागे आडवी दोरी धरली, इकडून मोजलं, तिकडून मोजलं. एका सुताचा फरक नाही. गाडी सपाट ताटासारखी.

शेठ गाडी घेऊन गेले आणि संध्याकाळच्या आत परत. उजवीकडे झुकते म्हणाले. खड्डा आला की उजवं चाक वरच्या पत्र्याला घासते, रबराचा वास येतो.

चाचांनी दोरी धरली. बरोबर. शेठनाही दाखवली. शेठ म्हणाले, दोरी काहीही म्हणो, मी चालवून राह्यलो. चाचांनी उजवी कमान पुन्हा उतरवली, बुश बदलला, कडं बदललं. शेठ घेऊन गेले, दोन दिवसांनी परत. तेच. दोरी धरली. तेच. तिसऱ्यांदा दोन्ही उतरवल्या, पाटा न पाटा मोजला, तुराटी ओढली. परत लावल्या. परत आली. हे तिसरं परत येणं.

ते दिवस मला नको वाटतात. चाचा जेवत नव्हते. गाडीपुढे उकिडवे बसायचे आणि पाहायचे. दुसरं काम घेत नव्हते, गाड्या परत जात होत्या. चाची भाता ओढता ओढता रडायची आणि रडता रडता बोलायची. होळी महिन्यावर आली. मी एकदा म्हटलं, चाचा, उजवी जराशी उंच करून टाका ना, घासणं तर थांबेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी वजनाच्या मापाखाली मेण लावायला सांगितलं. बरोबर असलेलं चूक कसं करू, म्हणाले. मी घरी येऊन भांडी आपटली. माझीच भांडी.

आणि मग ते एक वाक्य बोलून गेले. शेठनी विचारलं, मिस्तरी, खरं सांगा, दोष कुठं आहे. चाचा म्हणाले, "कमान बराबर हाय. बॉडीच वाकडी झाली असन."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. शेठनी तो शब्द झेलला. गाडी ट्रकवर चढवून अमरावतीला पाठवली, बॉडी ठोकणाऱ्या एका मिस्तरीकडे. त्यानं मोजमाप करून सांगितलं, बॉडी सरळ आहे. तेव्हा शेठ स्वतः गेले आणि त्या माणसाला त्याच्या दुकानात, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर बोलले. आमचा मिस्तरी म्हणतो वाकडी, म्हणजे वाकडी, तुला काम येत नाही. त्यानं बिचाऱ्यानं सांगितलं तसं ठोकलं. ठोकून एका बाजूचा रंग तडकला. बेडकी परत आली. उजवीकडे झुकते.

होळीला बारा दिवस होते. रविवारची सकाळ, जिनिंग बंद, आमचे हे ओट्यावर दात घासत बसलेले. समोर चाचा दोरी धरून. एक टोक चाचीच्या हातात. हे बराच वेळ पाहत राहिले. हे असे की कमी बोलणार, आणि बोलले तरी काट्याचंच बोलणार. चूळ भरून म्हणाले, "चाचा, आमी काट्यावर गाडी दोनदा चढवतो. भरलेली एकदा, रिकामी एकदा. तुमी आपले रिकामीच पाहून राह्यले."

चाचांच्या हातातली दोरी सैल पडली, ते मी पाहिलं.

आता हे तुम्हाला मला आज सोपं वाटतं. पण दमणी रिकामी तोलली काय आणि भरलेली तोलली काय, हाकणारा मधोमध बसतो आणि बोजा सारखा पसरतो. जीपमध्ये दहा माणसं कोंबलेली, ट्रकमध्ये कापूस. एकटाच माणूस एका बाजूला बसून हिंडायला निघतो, असलं वाहन चाचांच्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. आणि ते स्वतः कधी गिऱ्हाइकाच्या गाडीत बसत नसत. बसणं मालकाचं काम, माझं काम खाली, असं त्यांचं होतं.

ते म्हणाले, शेठएवढं वजन पाहिजे. सरकीची पोती जिनिंगमध्ये, जिनिंगला कुलूप. चाचा आजूबाजूला पाहू लागले. ह्यांच्याकडे पाहिलं, हे तर तुराटीच. मग त्यांनी चाचीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी नाही म्हटलं. रस्त्यावर, रविवारी, देवळात जाणारी-येणारी माणसं, आणि आम्ही दोघी बाया शेठच्या मोटारीत. पण चाची दार उघडून उजवीकडे शेठच्या जागी बसलीही होती. "ये व माय," म्हणाली, "बस माया मांडीवर. मंगरूळपीरले जाण्यापरीस हे बरं." मी बसले. गाडीत बसणं कसलं, खड्ड्यात पडणं ते. चाचीची हाडं मला टोचत होती आणि माझी तिला. आम्ही दोघी मिळून एक शेठ झालो. समोरून येणारा सायकलवाला आम्हाला पाहून गटाराकडे गेला.

मागे चाचांनी आणि ह्यांनी दोरी धरली. ह्यांनी नंतर सांगितलं, दोरी उजवीकडे उतरली होती. चाचीनं विचारलं, काय झालं. मी मान वळवून पाहिलं तर चाचा दोरी सोडून भंगाराच्या ढिगाकडे गेले होते. तिथून त्यांनी जुन्या डाव्या पाट्याचे दोन तुकडे उपसले, जमिनीवर जुळवले, खडूनं त्यांची वाक आखली. पुसली, पुन्हा आखली. तुकड्यांवर हात फिरवत राहिले.

"ही बिमार नव्हती," ते म्हणाले. "ही जन्माचीच बसकी होती. ज्यानं बनवली त्याले माहीत होतं, मालक एकटा बसते."

उजवीकडे मालकाचा बोजा, म्हणून उजवी उंच. डावीवर कोणी नाही, म्हणून डावी बुटकी. माणूस बसला की दोन्ही सारख्या. जोड होती ती, पण आपल्या बैलांसारखी नाही. आणि चाचांनी ती सुधारली होती.

दोन दिवसांत काम झालं. डावी अर्धं बोट खाली घेतली. ह्या वेळी दोरी पाहताना आम्हा दोघींना पुन्हा बसवलं, आणि बसल्यावर गाडी अशी सपाट की चाचीनं समोरच्या पत्र्यावर माझी पाण्याची वाटी ठेवून पाहिली. मी आनंदानं घरी आले आणि भात टाकला चौघांचा. संपलं एकदाचं, असं वाटलं मला.

आणि चाचा जेवायला बसता बसता म्हणाले, शेठले सांगायला लागन.

काय सांगायला लागेल? गाडी नीट झाली, एवढंच ना? नाही. चूक माझी होती हे सांगावं लागेल, म्हणे. मी म्हटलं, चाचा, शेठना काय कळतंय, त्यांना वाटू द्या अमरावतीला ठोकल्यानं झालं. हे म्हणाले, शेड हातात येऊ द्या, मग सांगा सावकाश. चाचीनं तर हात जोडले. "चुप बैठे तो कौन सा गुनाह लगता जी?" ती म्हणाली. चाचांनी भात कालवला आणि म्हणाले, "अमरावतीवाल्यानं सरळ सांगतलं होतं. त्याले खोटं पाडलं म्या."

पुढचं मी पाहिलं नाही. हे काट्यावर होते, ह्यांनी सांगितलं ते सांगते. शेठनी गाडी फिरवून आणली, खुश होते, सगळ्यांना चहा सांगितला. चाचांनी कमान, अर्धं बोट, एकटा माणूस, सगळं सांगितलं. शेठ हसले म्हणे. खरंच हसले. जाऊ द्या मिस्तरी, झालं ना आता, म्हणाले. म्हणजे पहा, तिथेही मिटत होतं. कबूल केलं, माफी झाली, शेड मिळालं. दुसरा कोणी असता तर चहा पिऊन घरी आला असता.

चाचा म्हणाले, "शेठ, मंग त्या मिस्तरीले एक चिठ्ठी लिहा. तुमी त्याले चारचौघांत बोलले. त्याचं नाव खराब झालं."

शेठचं हसणं थांबलं. काट्यावर पाच-सहा गाडीवान होते, दिवाणजी होते, आमचे हे होते. शेठ म्हणाले, "मी लिहू? त्याले?"

"बोलले तुमी, मंग लिहान बी तुमीच," चाचा म्हणाले.

बस. शेठ किल्ली घेऊन आत गेले. दुसऱ्या दिवशी टिनाच्या शेडमध्ये सरकीची पोती लागली, पत्र्यापर्यंत.

माझा संताप असा झाला की मी चाचांशी बोलायचं बंद केलं. दुपारी ते माझ्या दारात येऊन उभे. मला वाटलं, तुराटी. हातात पोस्टकार्ड होतं. "बाई, तू लिही," म्हणाले. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं वाणसामानाच्या पुड्यांवरचं वाचून वाचून. रागाच्या भरात मी कार्ड हिसकलं. ते सांगतील तसं लिहिलं. तुमची बॉडी सरळ होती. कमान माझी चुकली होती. तुमच्या गिऱ्हाइकांना हे वाचून दाखवा. गफूर मिस्तरी, कारंजा. ते म्हणाले, वाचून दाखव. मी दाखवलं. ते म्हणाले, 'माझी'च्या जागी 'मायी' लिही, त्याले वाटलं पाहिजे मीच बोलून राह्यलो. मी खोडून लिहिलं. उत्तर आलं नाही. होळीपर्यंत चाचा रोज पोस्टमनकडे पाहायचे, आणि मी त्यांच्याकडे पाहून दात खायची.

होळीच्या दोन दिवस आधी त्यांनी दुकान मोडलं. मंगरूळपीरहून मेव्हण्यानं बैलगाडी पाठवली होती. ऐरण चढवायला चार माणसं लागली. भाता, घण, सांडश्या, जुने पाटे, आणि वर चाची, बोचकं मांडीवर घेऊन. ती बोलत नव्हती. मी तिच्या पदरात शेंगदाण्याचे लाडू बांधले, तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि तोंड वळवलं. चाचा गाडीमागून पायीच निघणार होते, बैलांवर बोजा नको म्हणून. मी म्हटलं, निदान निरोप तरी घेतील. डोळे पुसून तयार उभी होते. इतकं काही मनात होतं सांगायचं, रागाचंही आणि बाकीचंही.

गाडी रस्त्याला लागली आणि मागून हॉर्न वाजला. बेडकी. शेठ एकटेच, नवा सदरा, कुठे निघाले होते, मला ठाऊक नाही. बैलगाडी रस्त्यात आडवी. त्यांनी पुन्हा हॉर्न दिला. गाडीवानानं बैल कडेला घेतले. शेठनी चाचांकडे पाहिलं नाही, चाचांनी शेठकडे पाहिलं नाही. हिरवी गाडी बाजूनं निघून गेली.

आणि चाचा भर रस्त्यात उकिडवे बसले. दोन्ही हात मातीत टेकवून, मान खाली घालून, जाणाऱ्या गाडीचं मागचं बूड पाहायला लागले. पुढे खड्डा होता. बेडकी त्यात उतरली, दोन्ही अंगांनी सारखी दबली, सारखी वर आली आणि तशीच सपाट पुढे गेली. गाडीवान ओरडला, चाची गाडीतून हाक मारत होती, मागे एस.टी. येऊन थांबली आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून बोंबलू लागला. मीही हाक मारली, चाचा म्हणून, दोनदा. त्यांनी वळून पाहिलं नाही. धूळ खाली बसेपर्यंत ते तिथेच बसून होते. मग उठले, हाताची माती धोतराला पुसली, आणि बैलगाडी बरीच पुढे निघून गेली होती म्हणून तिच्यामागे पळत सुटले.